मृगाकडून आलेला वास

भूत-पिशाच्च, अंगात येणं असल्या गोष्टींचा मला मनस्वी कंटाळा. धुळ्याला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. असं काही सांगणाऱ्याला तोंडावर हसत आले. आता मीच सांगतेय... हसा खुशाल, माझ्यात वाद घालायचं त्राण नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही देवपुरात भाड्यानं राहायचो. सासरे, म्हणजे नाना, फैजपूरहून आमच्याकडे आले होते. आयुष्यभर त्यांनी केळी पिकवली — बंद खोलीत घड रचायचे, आत धूर करायचा, दार शेणामातीनं लिंपायचं आणि त्यात ठेवलेल्या भोकाला नाक लावून उघडायची वेळ ठरवायची. मग एका तापात त्यांना वास येणंच बंद झालं. कुणाला बोलले नाहीत. अंदाजानं दार उघडलं, तर अख्खी खोली सडलेली! काम धाकट्या भावाकडे गेलं आणि नाना गप्प झाले ते झालेच. "मले वास परत येईन का वं?" एवढंच विचारायचे, रोज. मीही दमून "येईल हो" म्हणायचे.

थंडीतली संध्याकाळ. मी गच्चीवरचे कपडे काढत होते — स्वयंपाक व्हायचा होता, तोंडानं उद्याचं व्याख्यान चालू. कठड्याशी बसलेल्या नानांनी विचारलं, "काय पुटपुटू रायली माय?"

म्हटलं, मोठे तारे जन्मतात तिथं धुळीच्या कणांवर बर्फ असतो. नवा तारा तापला की त्यात गोठलेली रसायनं वाफ होऊन सुटतात. तुमच्या खोलीत ऊब दिली की वास सुटतो, तसंच. मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा धुरकट ठिपका दाखवला — तसाच एक ढग.

नानांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"वास येऊ रायला!" ते म्हणाले. "मुंग्या चिरडल्यावर येतो ना, तो. अन् स्पिरिटचा."

मी वैतागून गच्ची धुंडाळली. मुंगी नाही, बाटली नाही. मग एकदम लक्षात आलं... मुंग्यांचं ते फॉर्मिक ॲसिड, आणि स्पिरिटमधलं मिथेनॉल. दोन्ही त्या ढगात सापडलेली, आणि मी एकाचंही नाव घेतलं नव्हतं! बरं, तिथला वास इथं पोचणार कसा? मधे नुसती पोकळी. प्रकाशालाही यायला हजारावर वर्षं लागतात.

"आता मले खोली उघडता येईन," म्हणत नाना ढसाढसा रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

सकाळच्या एस.टी.नं फैजपूर गाठलं. नानांनी लिंपलेल्या दाराच्या भोकाला नाक लावलं. दोनदा खोल श्वास घेतला. केळ्यांचा गोड वास मला चार हातांवर येत होता.

नाना वळले. "माय, इतक्या लांबचा आला... मग हा काहाले नाही येत?"

केमिस्ट्रीची बाई मी. ते गेले, तरी थंडीत गच्चीवर उभी राहून मी अजून मृगाकडे तोंड करून खोल श्वास घेते.