कथीड्रलचे दगडी सुळके

"कोसळलं परत," म्हणत मी लॅपटॉप बाबांकडे फिरवला. स्क्रीनवर मी बनवलेल्या कम्प्युटर मॉडेलमध्ये फ्रान्समधलं एक मध्ययुगीन कथीड्रल, म्हणजे भलंमोठं दगडी चर्च, बाहेरच्या बाजूला निखळत होतं.

"आठशे वर्षं उभं आहे ना ते? मग तुझ्याच लॅपटॉपवर कसं पडतं?" बाबा म्हणाले.

डोकंच फिरलं माझं. शुक्रवारी पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे परीक्षकांसमोरची शेवटची तोंडी परीक्षा. त्यासाठी आई-बाबा सांगलीहून इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी आलेले. आणि प्रोफेसर सकाळीच म्हणाले होते, "मॉडेल उभं राहिलं नाही तर डिफेन्स कॅन्सल. इमारत बरोबर आहे, चूक तुझी आहे. आधी हातानं बांधून बघ."

हातानं म्हणजे लाकडी ठोकळे रचून, गोंद न लावता. चर्चचं कमानदार छत भिंतींना बाहेर ढकलत असतं. तो रेटा एक तिरकी कमान बाहेरच्या जाड खांबावर नेते. तिला फ्लाइंग बट्रेस म्हणतात. मी जेवणाच्या टेबलावर खांब रचला, कमान टेकवली आणि पट्टीनं हळूहळू ढकललं. खांबाचा वरचा ठोकळा सरकला. पुन्हा रचलं, पुन्हा तेच. आई पोहे घेऊन आली तर तिच्यावरही खेकसले.

पुढच्या वेळी बाबांनी खांबावर वरून तळहात दाबून धरला. मी ढकललं. ठोकळा हलेना.

"बाबा, हात काढा. चीटिंग आहे ही."

"अगं, पडतंय म्हणून धरलं."

मी लॅपटॉपवर मूळ चर्चचा फोटो उघडला. खऱ्या चर्चमध्ये त्या खांबांवर नक्षीदार दगडी सुळके असतात. मॉडेल भराभर चालावं म्हणून मी ते सगळे डिलीट केले होते. नक्षीच तर आहे, म्हटलं. पण त्यांच्याच वजनानं खालचे दगड दाबून राहतात, सरकत नाहीत.

सुळके परत बसवले आणि रन केलं. चर्च ढिम्म हललं नाही. इतका आनंद झाला की बाबांचे हात धरून मी किचनभर नाचले. आई म्हणाली, "आता तरी पोहे खा."

शुक्रवारी प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सुळके का काढले होतेस?"

"शोभेचे वाटले."

"नुसत्या शोभेसाठी एवढे दगड एवढ्या उंच चढवायला ते लोक रिकामटेकडे होते का?"

सगळे हसले, मीही हसले. पास झाले. आता काही डिलीट करण्याआधी ते तिथे कुणी आणि कशाला ठेवलं असेल, याचा विचार करते. बहुतेक वेळा डिलीट करायचं राहूनच जातं.