आकड्यांच्या खणात कवितेची ओळ

सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो घोष अजून कानात आहे. एक शब्द चुकला की गुरुजींची पट्टी टेबलावर वाजायची.

मंडळी, आज सकाळी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतला एक टाइप्ड ॲरे करून पाहिला. म्हणजे शून्य ते दोनशे पंचावन्न एवढेच आकडे ठेवणारे खण. मुद्दाम दोनशे छप्पन्न टाकलं, तर शून्य झालं. उणे एक टाकलं, तर दोनशे पंचावन्न. मग आवडत्या कवितेची ओळ टाकली, तर पुन्हा शून्य. चुकलं असं कुणी म्हणेचना. मी पुरता गोंधळलो.

माझी मुलगी मुग्धा याच क्षेत्रातली. मी सदाशिव पेठ सोडून वाघोलीला तिच्याकडे राहायला जात नाही, म्हणून महिनाभर अबोला आहे. बोलायला काही विषय हवा, म्हणून तर हे शिकायला बसलो. तिला मेसेज केला, "माझी ओळ गेली कुठे?" तिने वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या.

चूक अशी गुपचूप गिळण्यात काय शहाणपण असतं, तुम्हाला कळतंय का?

हे लिहीत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात मुग्धा, ऑफिसच्या दिवशी, हातात हेल्मेट.

"बाबा, आकड्यांच्या खणात कविता ठेवतं का कोणी? साधा ॲरे घ्यायचा, त्यात ओळ तशीच राहते. सरका, दाखवते. आणि आधी चहा टाका."