आमच्या गावात तसं काही नाही

मी गाव सोडलं तेव्हा बाबा मला सोडायला फाट्यावर आले होते. पिशवीत उकडे तांदूळ, कोकमं आणि घरच्या काजूगरांची पुडी. त्याच फाट्यावर वनिता तिच्या आईबरोबर उभी होती. ती आमच्याच गावातली, बौद्धवाडीतली. शाळेत माझ्या वर्गात होती. गोव्यातल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला मुली हव्या होत्या आणि आम्हा दोघींनाही बोलावणं आलं होतं. एसटी आली तेव्हा बाबांनी आधी तिची बॅग वर चढवली, मग माझी. माझ्याकडे बोट करून तिला म्हणाले, "माझ्या चेडवाक सांभाळ गो." बाबा सगळ्यांशी असेच बोलत. देवस्थानच्या कमिटीवर ते बरीच वर्षं होते आणि बाहेरचं कोणी आलं की सांगायचे, "आमच्या गावात तसला काय नाय. सगळे एक."

गोव्याच्या हद्दीजवळचा इन्सुलीचा नाका मागे पडला तेव्हा मी रडत होते. वनिता खिडकीतून बाहेर बघत होती. तिला बरं वाटत होतं, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं.

म्हापशात एका म्हातारीच्या घरामागे आम्ही रूम घेतली. तिने विचारलं, "तुमी भयणी?" आम्ही सांगितलं, एका गावच्या. तिला तेवढं पुरलं. एक शेगडी, एक फळी, चार ताटं. शिफ्ट वेगळी असली की जी घरी असेल ती जेवण करायची. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वनिताच्या हातचंच चांगलं व्हायचं, त्यामुळे ते काम तिच्याकडे गेलं आणि भांडी माझ्याकडे. गावात मी तिच्या घरी कधी पाणीही प्यायले नव्हते. इथे आम्ही एका पातेल्यातलं खात होतो, आणि त्यात काही विशेष आहे असं मला वाटलंही नाही. गोव्याला आलं की असंच, एवढंच डोक्यात.

एकदा कॅन्टीनमध्ये कोणाच्या तरी गावातला विषय निघाला. तिथे बौद्धवाडीचा पाणवठा वेगळा होता म्हणे. मी पटकन म्हटलं, आमच्या गावात तसं काही नाही. वनिता समोर बसली होती. ती जेवत राहिली.

संध्याकाळी रूमवर मासळी साफ करताना तिने विषय काढला. आवाज चढला नव्हता. "तुझे बाबा खोटा नाय बोलणत. तेंका तसाच दिसता," ती म्हणाली. "माझी आई तुमच्याकडे भात कापूक येय. दुपारचा जेवाण मिळा, पोटभर. पण खळ्यात. घरातली माणसा ताटात जेवत, आमका पान. आणि ता पान आमीच उचलून टाकू."

खळ्यातली, म्हणजे पुढच्या अंगणातली, ती पानं मी दर कापणीला पाहिली होती. वाढायलाही गेले होते. आईने शिकवल्याप्रमाणे वरून, न शिवता.

त्यानंतर वर्षभराने बाबांचं ऑपरेशन निघालं. गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात दाखल केलं. आई गुरं टाकून राहू शकत नव्हती, आणि मला सुट्टी मिळेना. वनिताने शिफ्ट बदलून घेतली. सकाळची पेज, दुपारचा भात ती घेऊन जायची, मी संध्याकाळी. पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं, "पेज कोणी केल्यान?" ती म्हणाली, "मिया." ते जरा थांबले आणि प्यायले. भूक होती म्हणून की आणखी कशामुळे, ते मला माहीत नाही. डिस्चार्जनंतर ते काही दिवस आमच्याच रूमवर राहिले. त्याच चार ताटांत जेवले.

गावी परतायच्या आदल्या दिवशी मी त्यांना वनिताचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. ते चिडले नाहीत. म्हणाले, "माझ्या बापाशीन तसा केल्यान, मिया पण तसाच केलंय. वायट करतंय असा कधी वाटलाच नाय."

वनिता कामावरून आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, आमच्याकडे म्हाळाक येशीत काय? पितृपक्षातलं जेवण, सगळी भावकी पंगतीला बसते. तिने चप्पल काढली, हात धुतले आणि म्हणाली, "येयन. पण खळ्यात बसूचंय नाय."

त्या म्हाळाला वनिता आणि तिची आई आमच्या माजघरात पंगतीला बसल्या. आईने स्वयंपाक केला, पण बाबांना आधीच सांगितलं होतं की ती वाढणार नाही. बाबांनी वाढलं, मी वाढलं. थोरले काका पानावरून उठले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचं घर उठलं. कोणी भांडलं नाही. खळ्यात चपला शोधल्याचा आवाज तेवढा आला. वनिताची आई फारसं जेवली नाही. जेवण संपल्यावर सवयीने ती आपलं पान उचलायला वाकली. बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे. ता आमचा काम." त्यांनी ते पान उचललं. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिथून हलली नाही.

परतीच्या एसटीत मी वनिताला विचारलं, कसं वाटलं. "एक दिवस झालो," ती म्हणाली. "बघूया."

पुढे देवळात सभा होती आणि पाहुणे आले होते. कोणीतरी नेहमीचं वाक्य म्हटलं, आमच्या गावात तसलं काही नाही. बाबा उठून म्हणाले, "आसा. माझ्याच घरात होता." पुढच्या कमिटीत त्यांचं नाव आलं नाही. भावकी आमच्या म्हाळाला येत नाही. बाबा त्याबद्दल बोलत नाहीत. देवळात पूर्वीसारखे जातात, पण मागे उभे राहतात. आईला मी एकदा विचारलं, तू तेव्हा का वाढलं नाहीस. ती म्हणाली, "माझा मन अजून तयार नाय. तुका बरा वाटाक म्हणान खोटा बोलूचंय नाय." मला तिचा राग आला नाही. वनिता आली की आता ती चहा करते. स्वतः मात्र तिच्याबरोबर पीत नाही.

वनिता लग्न करून दोडामार्गला गेली. मी गोव्यातच राहिले, नवरा इथलाच, घर इथलंच. गावात राहिलेले फोनवर विचारतात, तू हे सगळं सांगून गावची बदनामी का करतेस. आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले सुट्टीत भेटले की समुद्र, काजू आणि देवाची पालखी एवढंच बोलतात. मीही तेच बोलत असे. त्या गावात मला कधी परतावंसं वाटायचं नाही, फक्त आठवण यायची. आता मी दर पावसाळ्यानंतर जाते. कोणाच्या खळ्यावरून जाताना काय दिसतंय ते बघत जाते.

परवा कंपनीतल्या एका नव्या मुलीने विचारलं, तुमचं गाव कसं आहे. मी तिला सगळं सांगितलं. काकांचं उठणं, बाबांचं बोलणं, आईचं न पिणं. ती जरा गोंधळली. म्हणाली, "म्हणजे गाव चांगलं नाही?"

मी म्हटलं, "माझं आहे."