बिदाईला वाजलेलं गाणं

ते गाणं फारसं कुणाला माहीत नाही. गायिका घराघरांत ऐकली जाते, पण तिच्या गाजलेल्या गाण्यांत हे येत नाही. गाण्यात जाणारी व्यक्ती मागे राहणाऱ्यांचा निरोप घेते. परत येण्याचा शब्द त्यात नाही. चंद्रपूरच्या घरात माझी मुलगी ते लहानपणापासून माझ्यासोबत ऐकत आली. बिदाईला तेच वाजावं, असा तिचा हट्ट होता. मी बँडवाल्याला रेकॉर्डिंग पाठवलं.

लग्न आरमोरीजवळच्या आमच्या गावी होतं. बँडने गाणं धरलं, मुलगी उंबऱ्याकडे निघाली आणि रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. समोरच्या घरातल्या बाईने पोरांना आत ओढून दार लावून घेतलं. वरोऱ्याहून आलेली वऱ्हाडी मंडळी मात्र तालावर डोलत होती. मला काही कळेना.

चुलतभाऊ गर्दीतून माझ्याकडे आला. गावच्या भजन मंडळाचा तो प्रमुख.

"भाऊ, हे काऊन लावलं? मयत उचलली का आपण हेच म्हणतो."

मंडळाने या चालीवर भजन बसवलं होतं. कित्येक वर्षं गावातली प्रत्येक तिरडी त्याच चालीवर घराबाहेर पडत होती. बातमीदाराच्या नोकरीत मी मयतीला नेहमी उशिरा, थेट नदीवर पोचायचो. चाल त्यांना मिळाली कुठून, असं मी विचारलं.

"तुमीच तं कॅसेट देल्ली होती."

मला ते अजूनही आठवत नाही.

मी बँड थांबवायला निघालो. चुलतभावाने माझा दंड धरला. ते भजन एकदा उचललं की अर्ध्यात सोडत नाहीत. सोडलं तर त्या घरातून आणखी एक जण जातो, अशी समजूत. आणि ते चालू असताना नवरीने उंबरा ओलांडणं त्याहून वाईट. माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. तरी मी मुलीला दारातच थांबवलं.

सगळे शांत झालेले पाहून बँडवाल्याला गाणं रंगलंय असं वाटलं. त्याने शेवटचं कडवं दोनदा घेतलं. तेवढा वेळ ती माझा हात धरून आत उभी होती. मुहूर्तासाठी थांबलोय का, असं तिच्या सासूने विचारलं. मी हो म्हणालो.

"बाबा, मी जाऊ का नको?" मुलीने हळूच विचारलं.

गाणं संपलं, बायका पुन्हा रडायला लागल्या आणि चुलतभावाने तिला हाताला धरून बाहेर नेलं. मी उंबऱ्याच्या आतच राहिलो.