तेल कुठं आहे, सर?

पोरं हाताशी आल्यावर, चाळिशी गाठता गाठता, मला डिग्री करायची हुक्की आली. बारावी सायन्स करून इंझोरीत नांदायला आलेली बाई; पुस्तकाला मधली सगळी वर्षं हात नाही, पण तोरा केवढा! निवड कशी केली विचाराल, तर लॅबच्या कोर्सला रक्त बघावं लागे आणि मला बोट कापलं तरी घेरी. म्हणून फिजिओथेरपी. ते म्हणजे मालीश, हा माझा पक्का समज. गावातली अर्धी बाळं मीच चोळलेली. डिग्री माझीच होती, नुसती जाऊन आणायची!

मालक म्हणाले, "जाय. मातारपणी माह्या कामी येशीन."

प्रवेशाच्या दिवशी शिपायानं मला पालकांच्या बाकावर बसवलं. मीही बसले, वर चहा प्यायले. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी वर्गातल्या एका पोरीचा खांदा तपासायला सांगितला. मी पदर खोचला, बाह्या सारल्या आणि विचारलं, "तेल कुठं आहे, सर?" वर्ग हसून हसून लोळला. त्या बाईला, म्हणजे मला, अजून वाटत होतं, तेलाशिवाय हात लावणं म्हणजे कामचुकारपणा.

तिसऱ्या वर्षाला असताना मालकांना लकवा मारला. उजवी बाजू गेली.

मी घरी आले तेव्हा वारा लागू नये म्हणून खिडकीत गोधडी कोंबलेली. मोठ्या ननंदबाई उशाशी बसून घास भरवत होत्या, कारण डाव्या हातानं जेवतं कोण? उजव्याची बोटं मात्र किंचित हलत होती. मी गोधडी ओढून काढली, लुळा हात कामाला लागावा म्हणून मालकांचा चांगला, डावा हात दुपट्ट्यानं अंगाशी बांधला आणि ताट उजवीकडं सरकवलं.

"काहून वं, भावाले माह्या उपाशी मारून राह्यली काय?" ननंदबाई कडाडल्या. "मोठी डागदरीण झाली! बांधते नवऱ्याले, जनावरावानी!"

सारं गाव बघायला आलं. मालक कुणासमोर जेवेनात, माझ्यासमोरही नाही. मी ताट ठेवून बाहेर जायची. नंतर सतरंजीवर सांडलेली शितं वेचताना मला कळायचं, आज हात किती उचलला. शितं कमी कमी होत चालली. मी आतून फुगत चालले. कॉलेज सोडून महिना काढला.

मग कॉलेजातून फोन आला: हजेरी भरा, नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष गेलं. मी मालकांकडं पाहिलं. जीभ जड झालेली, तरी ते म्हणाले, "जाय."

ननंदबाईंना सगळं समजावलं. बांधायचं कसं, भरवायचं नाही. त्यांनी मान हलवली. मान हलली म्हणजे पटलं, असं मानणारी मी! फोनवर विचारलं की उत्तर एकच, "जेवते मस्त."

परीक्षा संपवून परतले तर सतरंजी लख्ख. एक शीत नाही. मी दारातच हरखले, "हात सुधारला की हो!"

"सांडू कायले देऊ?" ननंदबाई म्हणाल्या. "मीच भरवून राह्यली ना. त्याच्या डोयात पानी पाह्यवलं नाही मले."

उजवा हात मालकांनी पांघरुणाखाली ठेवला होता. बाहेर काढला तर घट्ट मूठ. नखं तळव्यात रुतलेली. ननंदबाईंना बोल तरी कसा लावू? त्यांचा तर तो भाऊ होता. पुढं किती महिने खटपट केली. मूठ उघडली नाही.

निकाल लागला त्या दिवशी मालकांनी विचारलं, "पास झाली ना?"

"झाली."

"मंग आता तेल आन."

तेलानं असली मूठ सुटत नाही, हे मी पेपरात लिहून आले होते. तरी वाटीत तेल कोमट केलं आणि मनगटापासून चोळायला बसले. त्यांनी डोळे मिटले. ते होते तोवर हे रोज चाललं. सकाळी तेल, दुपारी घास. घास मीच भरवायची.