हसऱ्याला पंधरा दिवस

चोर म्हणावं तर तो फार मोठा नव्हता. लोकांनी वाळत घातलेले कपडे दोरीवरून उचलायचे, एवढाच त्याचा धंदा. त्यातही चिमटे तिथंच ठेवायचा. परक्याच्या वस्तूला उगाच हात लावू नये, असं त्याचं म्हणणं. वरचे दात जन्मापासूनच ओठांबाहेर, म्हणून सगळे त्याला हसऱ्या म्हणत. लग्नात हसरा, मयताला हसरा, आणि दुर्दैव म्हणजे कोर्टातही हसरा.

आता त्या कोर्टातले साहेब. कायदा तोंडपाठ, पण समोर कुणी रडलं की त्यांचं काळीज पाघळायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून शेजाऱ्याचं नाक फोडणारा ढसाढसा रडून नुसती ताकीद घेऊन घरी जायचा, आणि हसऱ्या एका टॉवेलापायी पंधरा दिवस आत. ‘वर हसतोय बघा निर्लज्ज!’ असं साहेब दर वेळी म्हणत. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

या वेळी मात्र आत जाऊन चालणार नव्हतं. परगावी दिलेली लेक येणार होती. मागच्या दोन्ही खेपांना बाप आत होता आणि आईनं ‘कामाला बाहेरगावी गेलेत’ म्हणून वेळ मारून नेली होती. ‘या वेळी बाबा भेटले नाहीत तर मी पुन्हा यायची नाही,’ असं लेकीनं फोनवर निक्षून सांगितलं होतं. आणि हा शहाणा आदल्याच दिवशी कुणाच्या तरी शर्टासकट सापडला. लेकीपुढे जरा नीटनेटकं दिसावं म्हणून घेतला होता, म्हणे.

कोर्टाच्या व्हरांड्यात बायकोनं शिकवणी घेतली.

“तुमची गेलेली आई आठवा.”

“आठवली. मला बघून हसतेय गं.”

“मग मी मेले असं समजा!”

हसऱ्यानं मनापासून प्रयत्न केला. बायको त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“राहू द्या. तुम्हाला तर आनंदच झालेला दिसतोय.”

पुकारा झाला. हसऱ्यानं गुन्हा कबूल केला, डोळे चोळले, नाक ओढलं, स्वतःला चिमटाही काढला. एक थेंब येईल तर शपथ. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“अजून हसतोस? पंधरा दिवस!” म्हणत त्यांनी सही ठोकली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. लेक होती. घराला कुलूप दिसलं, शेजारणीनं खरं काय ते सांगितलं, तशी ती पिशवीसकट तडक इथं आली होती. हसऱ्याची मान खाली गेली. लेक आता कायमची तुटली, हे त्यानं मनाशी धरूनच टाकलं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी पंधरा दिवस थांबते. तुम्ही घरी आल्याशिवाय मी जात नाही.”

आणि हसऱ्यानं असा हंबरडा फोडला की शिपाई ‘शांतता’ म्हणायचं विसरला. साहेबांचा हात रुमालाकडे गेला. डोळे पुसत त्यांनी समोरच्या ओल्या सहीकडे पाहिलं.

“अरे गाढवा,” ते म्हणाले, “हेच जरा आधी करायला काय झालं होतं?”