भरिताचं रसायनशास्त्र

ज्वलनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, प्राणवायू आणि उष्णता. हे मी जळगावच्या एका कॉलेजात अकरावीच्या मुलांना शिकवतो, आणि माझी डावी भुवई अजून नीट उगवलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला, सुषमाला, बघायला धुळ्याची मंडळी आमच्या फैजपूरच्या मळ्यात आली. मुलगा आणि ती एकमेकांना आधीच पसंत होते. फक्त त्याच्या वडिलांनी, नानांनी, 'हो' म्हणायचं बाकी होतं. आणि थंडीत पाहुणे म्हटले की भरीत आलंच! सुषमाने सकाळीच मला बजावलं, "दादा, आज कुणाला काही शिकवू नकोस. प्लीज!"

मी कबूल केलं. (अगदी मनापासून केलं होतं हो!)

पण आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कपाशीच्या वाळलेल्या काड्या उघड्यावर पेटवल्या आणि मला राहवेना. एवढी उष्णता वाऱ्यावर चालली होती! मी वांगी घाईघाईने जाळावर मांडली (टोचे न मारताच!), वर गोठ्याचा जुना पत्रा पालथा घातला आणि कडेने माती लिंपून टाकली.

"काय करून राह्यला रे?" आबा ओरडले. "वारा लागू दे त्याले!"

"आबा, उष्णता कोंडली की वांगी निम्म्या वेळात भाजतात."

उष्णता कोंडली खरी, पण प्राणवायू बाहेरच राहिला! जाळ विझला, काड्या धुमसायला लागल्या आणि फटीफटीतून पिवळट धूर निघाला तो थेट बाजेवर बसलेल्या नानांकडे.

"मास्तर," नाना खोकत म्हणाले, "हाई काय शे?"

"अपूर्ण ज्वलन!" मी उत्साहाने सांगितलं. "प्राणवायू कमी पडला की काजळी होते, कार्बन मोनॉक्साइड होतो. तो विषारी असतो बरं का, नाना!"

नाना बाज सोडून केळीच्या बागेत पळाले. (होणारे व्याही!) सुषमाचे डोळे भरून आले होते, आणि धूर तर तिच्या बाजूला नव्हताच. सगळं एका दमात निस्तरायचं म्हणून मी धावत जाऊन पत्रा उचलला.

आत कोंडलेला धूर जळायची वाटच बघत होता. वारा लागला आणि भक्कन भडका उडाला! भुवई गेली. पाठोपाठ वांगी फटाफट फुटली आणि एकाचा अख्खा गर बागेतून डोकावणाऱ्या नानांच्या पांढऱ्या टोपीवर जाऊन बसला.

सुषमाने पदर खोचला, मला बाजूला सारलं, काड्या पसरून जाळ मोकळा केला आणि उरलेली वांगी भाजून काढली. भरीत खाऊन नानांनी बोटं चाटली, टोपी पुसली आणि आबांना म्हणाले, "पोर आम्हले पसंत शे. फक्त एक अट शे. लगीनमा मास्तरले इस्तोजोडे येऊ देऊ नका!"

विस्तवाजवळ न जायला आबांच्याआधी मीच 'हो' म्हणालो. आनंदाने रडू येत होतं मला.

पण लग्नातल्या होमाला नवरीचा भाऊ लागतोच. बहिणीच्या ओंजळीत लाह्या त्यानेच घालायच्या असतात. गुरुजींनी मला पुढे बोलावलं आणि नाना ताडकन उठले. फोटो मात्र सुंदर आलाय. सुषमा हसतेय, मी लाह्या घालतोय, आणि माझ्या अगदी पाठीशी नाना उभे आहेत, हातात पाण्याने काठोकाठ भरलेली बादली घेऊन!